मधल्या मापाची केबल आणि तिच्यावर घालावयाचा भार

शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांतील बागाइती शेती आतां मोटेवर किंवा तेलाच्या इंजिनावर चालत नाहीं. ती विजेच्या मोटारीवर चालते. भीमा, घोड व मुळा-मुठा ह्या नद्यांच्या कांठीं, कालव्याखालच्या विहिरींवर, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या पोटांत आणि उजनी धरणाचा फुगवटा दौंडच्या पूर्व भागांत जेथें येऊन टेकतो तेथें, सर्वत्र मोटारी बसल्या आहेत. मोटर घेतांना शेतकरी चार ठिकाणीं चौकशी करतो, अश्वशक्ति पाहतो, पाणी किती फूट चढेल हें विचारतो. पण पेटीपासून मोटारीपर्यंत वीज नेणाऱ्या केबलीविषयीं बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: मीटरला काय भाव? भावाचा प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याच्या आधीं विचारावयाचा एक प्रश्न राहून जातो, आणि तो राहिल्यामुळें ऐन उन्हाळ्यांत मोटारी जळतात, ऊस वाळतो आणि प्रसंगीं माणूसहि दगावतो. त्या प्रश्नाविषयीं आम्ही आज लिहीत आहों.

प्रश्न असा, कीं ही केबल किती अँपिअर प्रवाह सुखरूप वाहील? केबल ठरीव मापाची असेल तर उत्तर सोपें आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या 8130 क्रमांकाच्या मानकांत वाहकांचीं मापें नेमून दिलीं आहेत, 1.5, 2.5, 4, 6, 10, 16, 25 चौरस मिलिमीटर अशीं तीं पायरीपायरीनें चढत जातात. ह्याच पायऱ्यांस धरून प्रवाहमर्यादेचे तक्ते छापलेले असतात. परंतु शेतावर प्रत्यक्ष जी केबल पडलेली असते ती पुष्कळदां ह्या पायऱ्यांवर बसत नाहीं. ती सव्वातीनची निघते, साडेचारची निघते, क्वचित् सव्वापांचचीहि निघते. अशा मधल्या मापाच्या केबलीपाशीं आलें कीं तक्ता गप्प होतो आणि विकणाराच्या तोंडचा आकडा प्रमाण मानला जातो. हें घातक आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

अशी केबल आपल्या शिवारांत येते कोठून, हें प्रथम पाहूं. पहिला मार्ग जुन्या गेजाचा. वजनमापांचा 1956 चा कायदा होऊन आपल्याकडे दशमान पद्धति आली, तरी गांवोगांवचे वायरमन अद्यापि 'सात बावीस', 'सात वीस', 'तीन वीस' अशीच भाषा बोलतात. त्यांतील पहिला आकडा तारांच्या संख्येचा व दुसरा इंग्रजी गेजाचा. 20 गेजाची तार 0.914 मिलिमीटर जाडीची असते. अशा सात तारांचें क्षेत्र 4.6 चौरस मिलिमीटर भरतें. 22 गेजाच्या सात तारांचें 2.78 आणि 20 गेजाच्या तीन तारांचें 1.97 भरतें. ह्यांपैकीं एकहि माप आजच्या पायरीवर नाहीं.

दुसरा मार्ग मोडीचा. परदेशांतून आलेल्या यंत्रांबरोबर त्या त्या देशाच्या मापाची लवचीक केबल येते. अमेरिकन गेजाप्रमाणें 12 नंबरची केबल 3.31, 10 नंबरची 5.26 व 8 नंबरची 8.37 चौरस मिलिमीटर असते. जपानी पद्धतींत 3.5, 5.5 व 8 अशीं मापें चालतात. शिरूर तालुक्यांत रांजणगांव व दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत; अशा भागांत यंत्रांच्या मोडीबरोबर ही केबलहि बाजारांत येणें स्वाभाविक आहे. ती दिसावयास उत्तम, तांबें लखलखीत, भाव निम्मा. मग मोह कोणास होणार नाहीं?

तिसरा मार्ग सर्वांत दुःखाचा. नदीकांठच्या मोटारी व केबली चोरीस जाणें हें ह्या दोन्ही तालुक्यांत नित्याचें झालें आहे. तांब्यासाठीं रात्रींत दोनशे-तीनशे फूट केबल कापून नेली जाते. दुसरे दिवशीं पाण्याची पाळी असते, ऊस वाट पाहत नाहीं, आणि एका दमांत नवी केबल घेण्याइतका पैसा हातीं नसतो. तेव्हां शेजाऱ्याकडील तुकडा, दुकानांतील शिल्लक वेटोळें, मोडींतील लांबी, जें मिळेल तें जोडून मोटर चालू केली जाते. अशा शेतकऱ्यास दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. मात्र त्या केबलीवर किती भार घालावा हें ठरविण्याची रीत त्याच्या हातीं असली पाहिजे.

ती रीत समजण्यापूर्वीं प्रवाहमर्यादा म्हणजे काय हें ध्यानांत घ्यावें. तारेंतून प्रवाह गेला कीं ती तापते. साध्या पी. व्ही. सी. आवरणास 70 अंश सेल्सिअसपर्यंतचीच उष्णता कायम सोसते. बाहेरची हवा 40 अंश असतां आवरण 70 अंशांवर ज्या प्रवाहानें पोहोंचतें, तीच त्या केबलीची मर्यादा. आपल्याकडे मिळणाऱ्या तीन गाभ्यांच्या चपट्या केबलींच्या छापील तक्त्यांत 40 अंश हवेला सामान्यतः असे आकडे आढळतात: 1.5 ला 14 अँपिअर, 2.5 ला 18, 4 ला 26, 6 ला 31, 10 ला 42 व 16 ला 57. कारखान्यागणिक थोडा फरक असतो, म्हणून ज्याची केबल त्याचाच तक्ता पाहावा.

ह्या आकड्यांकडे जरा निरखून पाहिलें तर एक गोष्ट दिसेल. 2.5 च्या केबलींत दर चौरस मिलिमीटरमागें 7.2 अँपिअर पडतात. 6 च्या केबलींत सुमारें 5.2, आणि 16 च्या केबलींत अवघे 3.6. तांबें वाढत जातें त्या मानानें मर्यादा वाढत नाहीं. गुळाची लहान ढेप लौकर निवते व मोठी आंतून तासन् तास गरम राहते, हें गुऱ्हाळ चालविणाऱ्यास सांगावयास नको. केबलीचेंहि तसेंच आहे; उष्णता अंगभर उत्पन्न होते, पण बाहेर पडते ती केवळ कातडीवाटे. म्हणून 'एका चौरस मिलिमीटरला अमुक अँपिअर' हा बाजारांतला हिशेब एका मापावरून दुसऱ्या मापावर नेतां येत नाहीं. लहान मापाचा दर मोठ्या मापास लावला कीं केबल जळण्याची सोय झालीच.

आतां नियम. केबलीवर कारखानदाराचें नांव, माप व मानकाचा क्रमांक छापलेला असेल आणि त्या कारखान्याचा तक्ता मिळत असेल, तर त्यांतील आकडा घ्यावा, तोच अधिकृत. तसें नसेल तर तांबें प्रत्यक्ष मोजावें, आणि जें क्षेत्र भरेल त्याच्या लगत खालची जी ठरीव पायरी असेल तिचीच मर्यादा त्या केबलीची समजावी. 4.6 भरलें तर 4 ची, 3.31 भरलें तर 2.5 ची, 5.26 भरलें तरीहि 4 चीच. वरच्या पायरीकडे कधींहि झुकूं नये.

कोणी म्हणेल, दोन पायऱ्यांमधला आकडा हिशेबानें कां काढूं नये? काढतां येतो, आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या 60364 क्रमांकाच्या संहितेंत केबलीविषयींच्या भागाला जोडलेल्या पुरवणींत अशा मधल्या मापांसाठीं सूत्रहि दिलेलें आहे. परंतु तें सूत्र ज्या केबलीची जात, आवरण व ठेवण माहीत आहे तिच्यासाठीं, आणि जाणत्या अभियंत्याच्या हातीं आहे. मोडींतून आलेल्या केबलीचें आवरण किती अंशांचें, पाण्यांत बुडवावयास योग्य कीं अयोग्य, किती वर्षें उन्हांत पडलेलें, हें कोणासच ठाऊक नसतें. अशा अज्ञातासाठीं हातचें राखावें लागतें, आणि एक पायरी उतरणें म्हणजेच तें हातचें राखणें होय. आमच्या जुन्या वायरमन मंडळींनीं 'सात बावीस'ला अडीचची व 'सात वीस'ला चारची म्हणण्याचा जो प्रघात पाडला, तो खालच्या मापाकडे झुकणारा आहे. सूत्र न शिकतां त्यांनीं शहाणपण साधलें होतें; तें मागें टाकावयाचें कारण नाहीं.

तांबें मोजावें कसें? सूक्ष्ममापक म्हणजे मायक्रोमीटर हाताशीं असेल तर एक बारीक तार मोजावी, तारा मोजाव्या, व्यासाचा वर्ग करून 0.785 नें गुणावें आणि तारांच्या संख्येनें पुन्हा गुणावें. मायक्रोमीटर नसेल तर ती बारीक तार खिळ्यावर एकास एक चिकटून 50 वेढे गुंडाळावी व गुंडाळीची लांबी मोजून 50 नें भागावें. 15 मिलिमीटर भरली तर तार 0.3 मिलिमीटरची. येथें सावधगिरी हवी. व्यासाचा वर्ग होत असल्यामुळें मोजण्यांत थोडी चूक झाली तरी क्षेत्रांत दुप्पट चूक येते.

ह्याहून सोपी व भरंवशाची रीत सोनाराच्या तराजूची. केबलीच्या एका गाभ्याचा बरोबर एक मीटर तुकडा सोलून आंतील तांबें तोलावें. एक चौरस मिलिमीटर जाडीचें एक मीटर तांबें 8.9 ग्रॅम भरतें. म्हणजे 2.5 चें सुमारें 22, 4 चें साडेपस्तीस व 6 चें साडेत्रेपन्न ग्रॅम. तोललेल्या ग्रॅमांस 8.9 नें भागलें कीं क्षेत्र निघालें. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असेल तर ती ह्या तराजूवर लगेच उघडी पडते, कारण वजन निम्म्याहूनहि कमी भरतें. चाकूनें खरवडल्यास आंतून पांढरी निघते. अशी केबल मोटारीला लावूंच नये.

मात्र वजन दोन-चार टक्के कमी भरलें म्हणून दुकानदाराशीं भांडावयास जाऊं नये. मानक हें मापाचा अखेरचा निवाडा वजनावरून करीत नाहीं, तर विजेच्या रोधावरून करतें. 20 अंश उष्णतेला 4 च्या लवचीक तांब्याच्या वाहकाचा रोध किलोमीटरला 4.95 ओहमपेक्षां व 6 च्या वाहकाचा 3.30 ओहमपेक्षां अधिक असूं नये, असा तो नियम. तांबें शुद्ध असेल तर थोड्या कमी वजनांतहि हा रोध साधतो. तूट ह्याहून मोठी दिसली तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून रोध मोजून घ्यावा. तें शक्य नसेल तर केबलीनें ती पायरी गमावली असें धरावें.

एक उदाहरण घेऊं. दहा अश्वशक्तीची पाणबुडी मोटर आहे व तिच्या पाटीवर 18 अँपिअर लिहिले आहेत. 'चारचीच समजा' म्हणून मिळालेली लवचीक केबल तराजूवर साडेएकोणतीस ग्रॅम भरली. भागाकार 3.31 आला, म्हणजे ही अमेरिकन 12 नंबरची. विकणाराच्या बोलण्याप्रमाणें ती 26 अँपिअर वाहील. आमच्या नियमानें ती 2.5 च्या पायरीवर बसते व 18 वाहील. दोन पायऱ्यांमधील सरळ हिशेब केला तरी 22 च्या पलीकडे जात नाहीं. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. तेव्हां 22 च्या केबलीवर 26 घातले तर उष्णता जवळजवळ दीडपट होते, आणि 40 अंश हवेंत आवरण 70 ऐवजीं 80 अंशांच्या वर जातें. आवरण मर्यादेबाहेर दर आठ-दहा अंश तापलें कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

पण हिशेब येथें संपत नाहीं. आपल्या भागांत चैत्र-वैशाखांत पारा 40 अंशांवर जातो, आणि मोटर सर्वांत अधिक वेळ चालते तीहि तेव्हांच. 45 अंश हवेला तक्त्यांतील आकडा 0.91 नें व 50 अंशांना 0.82 नें गुणावा लागतो. आपल्या उदाहरणांतील 18 चे 45 अंशांवर 16.4 झाले. मोटारीस तर 18 पाहिजेत. म्हणजे विकणारा जी केबल 'आरामांत चालेल' म्हणत होता, ती उन्हाळ्यांत पुरतच नाहीं. हिंवाळ्यांत ती चालेल, पावसाळ्यांत चालेल, आणि ज्या महिन्यांत पाण्याची खरी गरज त्याच महिन्यांत दगा देईल.

एकाच केबलीचा कांहीं भाग पाण्यांत, कांहीं उघड्या मुरमावर उन्हांत व कांहीं पेटीच्या खोलींत असतो. मर्यादा ठरते ती सर्वांत तापणाऱ्या भागावरून. पाण्यांतला भाग गार आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. विशेषतः उरलेली केबल खोलींत वेटोळें करून टांगून ठेवण्याची जी सार्वत्रिक संवय आहे ती सोडून द्यावी. आंतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाहीं व तक्त्यांतील आकडा तेथें मुळींच लागू पडत नाहीं. उरलेली केबल मोकळी पसरावी किंवा कापून ठेवावी. तारा-डेल्टा स्टार्टर असेल तेथें मोटारीस सहा तारा जातात व चालू स्थितींत प्रत्येक तारेंतून पाटीवरील आकड्याच्या 58 टक्के प्रवाह वाहतो. हा फायदा खरा आहे. मात्र दोन्ही केबली एकत्र बांधल्या तर एकमेकींस तापवितात व मर्यादा सुमारें पंचमांशानें उतरते, हेंहि हिशेबांत धरावें.

उजनीच्या फुगवट्यावरील शेतकऱ्यांची अडचण आणखी निराळी आहे. पाणी ओसरूं लागलें कीं मोटर पुढें सरकवावी लागते; तिच्या मागोमाग पाइप वाढतो आणि केबलहि वाढते. दर वर्षीं एक तुकडा, दर तुकडा निराळ्या मापाचा. मोटेचा नाडा जेथें झिजला असेल तेथेंच तुटतो. बाकीचा नाडा कितीहि जाड असला तरी त्याचा उपयोग नाहीं. तसेंच येथें. दहाच्या केबलीला मध्येंच तीनचा तुकडा जोडला कीं सबंध केबलीची मर्यादा त्या तुकड्याची झाली. आणि जोड तर तुकड्याहूनहि अशक्त. केवळ पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड ओल्या उसांत किंवा पाण्यांत पडणें म्हणजे उघड्या तारेसारखेंच आहे. असा जोड चाचपतांना ओल्या पायानें उभा असलेला माणूस क्षणांत जातो. दाबून बसविलेल्या तांब्याच्या नळीचा व पाणी न शिरणाऱ्या आवरणाचाच जोड करावा, आणि तो पाण्याच्या रेषेवर व माणसाच्या वाटेवर राहूं देऊं नये.

उष्णतेची कसोटी उतरली तरी दुसरी एक कसोटी राहते, ती दाबाच्या घटीची. वरील 18 अँपिअरच्या मोटारीस 300 मीटर केबल असेल, तर 4 च्या केबलींत सुमारें 39 व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. 6 च्या केबलींत 26 व 10 च्या केबलींत 15. केबल तापली कीं हे आकडे पंचमांशापर्यंत आणखी वाढतात. 415 व्होल्टांत 39 म्हणजे 9 टक्क्यांहून अधिक. पंपांचे कारखानदार मात्र बहुधा 3 ते 5 टक्क्यांपर्यंतचीच घट चालवून घेतात. डी. पी. वरच दाब कमी असला तर दुष्काळांत तेरावा महिना. मोटारीचें फिरविण्याचें बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतें. 415 च्या जागीं 330 व्होल्ट पोहोंचले तर तें तीन-पंचमांशांच्या आसपास येतें, मोटर अधिक प्रवाह ओढूं लागते आणि केबल आणखी तापते. म्हणून लांब अंतरावर उष्णतेच्या तक्त्यांत बसलेली केबलहि अपुरी ठरते. दोन्ही कसोट्या लावाव्या व जी अधिक कडक तिचें ऐकावें.

ह्यावर आमचे कांहीं वाचक म्हणतील, 'हीं पुस्तकी मापें राहूं द्या. आमची मोटर ह्याच केबलीवर दहा वर्षें चालली आहे.' चालली असेल. परंतु आवरण एका दिवसांत मरत नाहीं. तें दर उन्हाळ्यांत थोडें कडक होतें, मग भेगाळतें, आणि एका वर्षीं पाणी आंत शिरतें. दृष्टीआड सृष्टि अशी ती स्थिति असते. शिवाय मोटर चालली ह्याचा अर्थ ती पुऱ्या बळानें चालली असा होत नाहीं. पाणी किती कमी पडलें व मोटर किती वेळां पुन्हा भरून आणावी लागली, हें त्याच वहींत मांडलें पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जाड केबलीस पैसे लागतात, आणि वाया जाणाऱ्या विजेचें नुकसान आपलें कोठें आहे? राज्य सरकारनें 2024 सालीं 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस मोफत विजेची योजना जाहीर केली, तेव्हां हा विचार आणखी बळावला. आमचें उत्तर असें. वरील उदाहरणांत 4 च्या केबलींत तासाला सुमारें 1.4 युनिट वीज नुसती उष्णता होऊन जाते, 10 च्या केबलींत 0.6. ही वीज कोणाच्याहि पैशाची असो, तिचें पाणी आपल्या उसास मिळत नाहीं. पाळीनें मिळणाऱ्या विजेचे तास मोजके असतात; त्या तासांत जितकें पाणी कमी चढलें तितकें नुकसान सर्वस्वीं शेतकऱ्याचें. आणि मोटर भरून आणण्याचा खर्च तर कोणतीच योजना देत नाहीं. ज्याचें जळतें त्यालाच कळतें.

फ्यूजविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. केबल अपुरी पडूं लागली कीं स्टार्टर वारंवार पडतो. मग रिलेचा आकडा वाढविला जातो किंवा फ्यूजमध्यें जाड तार घातली जाते. हें म्हणजे राखणदार ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधण्यासारखें आहे. रिले मोटारीच्या पाटीवरील आकड्यावरच असावा. तो आकडा केबलीच्या मर्यादेहून मोठा असेल तर केबल बदलावी, रिलेस हात लावूं नये. तसेंच एक फेज गेल्यावर कंडेन्सर लावून दोन फेजांवर मोटर रेटण्याची जी युक्ति सर्रास चालते, तिच्यांत तारांतील प्रवाह विषम होतो व आपला सर्व हिशेब मोडतो. खालच्या पायरीनें राखलेलें हातचें तेथें क्षणांत खर्ची पडतें.

कायद्याची बाजूहि लहान नाहीं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम 2010 सालीं आले व त्यांची जागा 2023 च्या नियमांनीं घेतली. राष्ट्रीय विद्युत संहितेच्या 2011 च्या आवृत्तींत शेतीच्या जागेंतील विद्युत जोडणीस स्वतंत्र भाग दिलेला होता, ह्यावरून शेतांतली तार घरांतल्या तारेहून कमी महत्त्वाची मानलेली नाहीं हें उघड आहे. पी. व्ही. सी. आवरणाच्या ज्या केबली 694 क्रमांकाच्या मानकांत मोडतात, त्यांवर आय. एस. आय. ची खूण 2003 सालच्या आदेशानें सक्तीची झाली. अपघात झाल्यावर कागद पाहिले जातात, आणि तेव्हां 'दुकानदारानें चारची सांगितली' हें उत्तर पुरत नाहीं.

आमच्या सूचना थोड्याच आहेत. शक्य असेल तेथवर मधल्या मापाची केबल विकतच घेऊं नये. घ्यावीच लागली तर पावतीवर माप, कारखान्याचें नांव व मानकाचा क्रमांक लिहून घ्यावा. जो दुकानदार लिहावयास कचरतो त्याच्या केबलीविषयीं संशय धरावा. प्रत्येक सहकारी पाणीपुरवठा संस्थेनें व विविध कार्यकारी सोसायटीनें एक मायक्रोमीटर, एक बारीक तराजू व भिंतीवर एक तक्ता ठेवावा. हा खर्च एका मोटारीच्या दुरुस्तीहून कमी आहे. ह्या भागांतील साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांनीं ऊस-लागवडीची नोंद घेतांना सभासदाच्या केबलीचेंहि माप विचारावें. बारामती व नारायणगांव येथील कृषि विज्ञान केंद्रांनीं आणि तालुक्यांच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीं उन्हाळ्यापूर्वीं एक-एक दिवस केबल-तपासणीचा ठेवला, तर पुष्कळ मोटारी व कांहीं जीव वांचतील.

येत्या उन्हाळ्याची पाळी लागण्यापूर्वीं प्रत्येक बागाइतदारानें आपल्या केबलीचा एक मीटर गाभा सोलून तोलावा, आलेल्या मापाच्या खालच्या पायरीचा आकडा पेटीच्या दारावर खडूनें नव्हे, रंगानें लिहावा, आणि मोटारीच्या पाटीवरील आकड्याशीं तो ताडून पाहावा. पाटीवरचा आकडा मोठा निघाला तर त्या केबलीवर उन्हाळा काढण्याचा विचार सोडून द्यावा, आणि पहिल्या बिलाच्या पैशांतून केबलच प्रथम घ्यावी.